बाण कुणाकडून कुणाकडे

धुलाई विभागातल्या बाईंना एक खोड होती. कोणी काही सांगायला आलं की त्या आधी खिशातलं पेन काढायच्या. समोरचा माणूस अजून "बाई, जरा..." एवढंच म्हणतोय, तोवर यांचं सुरू: कधी झालं? कुठे झालं? जवळ कोण होतं? आता तुम्हीच सांगा, अशा माणसापाशी मन मोकळं करायची कोणाची छाती होईल? पण बाईंना ते कळायचं नाही. त्यांच्या मते त्या आस्थेनं चौकशी करत होत्या.

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात हा विभाग. बाईंनी तिथे सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. हाताखाली चौदा माणसं. वॉर्डांतून मळक्या कपड्यांच्या पिशव्या खाली यायच्या. रक्ताचं वेगळं, साधं वेगळं, ऑपरेशनचं हिरवं वेगळं. मग धुलाई, मग वाळवण, मग इस्त्रीचे लांबलचक रोलर आणि शेवटी घडीचं टेबल. रोलरवर सगळ्यांत जुने इस्त्रीवाले काका. घडीच्या टेबलावर लांबी, चिमणी आणि बाकीच्या. एकाच नावाच्या तिघी तिथे कामाला होत्या, त्यामुळे खरी नावं फक्त हजेरीच्या वहीत उरली होती. तोंडात सगळी टोपणनावंच.

मोठी चादर एकटीनं घडी करता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे. दिवसाला सहाशे चादरी. म्हणजे जोडीतल्या दोघी दिवसभर एकमेकींच्या तोंडासमोर येत राहणार, आणि तोंडं काय गप्प बसतात? सासू, पोरं, गुडघे, शेजारीण, सगळं त्या टेबलावर निघायचं. बाई सुपरवायझर झाल्या तेव्हापासून त्या टेबलाच्या कडेला वही घेऊन उभ्या राहायच्या. त्या जवळ आल्या की गप्पा जरा खालच्या पट्टीत जायच्या, एवढंच.

आणि हा अभ्यासाचा किडा त्यांच्या डोक्यात कोणी सोडला? भाचीनं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि दर रविवारी सकाळी न चुकता फोन करायची. एकदा तिनं सहज विचारलं, "आत्या, फोन ठेवल्यावर तू काय करतेस गं?"

"पलंगावरची चादर बदलते."

"आणि मग?"

"मग काय? मळकी धुते."

 पुढच्या आठवड्यात भाचीनं विद्यापीठाचा घरबसल्या शिकायचा फॉर्म भरून टाकला, आत्याला न विचारता. विषय, माणसांचं व्यवस्थापन आणि संस्थेतलं वर्तन. पहिलं वर्ष. "तू माणसंच तर सांभाळतेस, तुला सोपं जाईल," असं म्हणाली. टपालानं दोन जाड पुस्तकं आली. बाई आधी चिडल्या. पन्नाशी उलटल्यावर परीक्षा म्हणजे म्हातारपणी घोड्यावर बसण्यातला प्रकार! पण मग रविवार दुपारचा एकेक धडा वाचून व्हायला लागला. प्रेरणा, गरजांची शिडी, पुढारीपणाच्या तऱ्हा. काही पटलं, काही हास्यास्पद वाटलं. कामगाराला कशामुळे हुरूप येतो या प्रश्नाला पुस्तकात अकरा पानं दिली होती. बाईंनी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "सुट्टीमुळे." अकरा पानांचं काम एका शब्दात झालं.

सहाव्या धड्यानं मात्र बाईंना धरलं. त्यात म्हटलं होतं की प्रत्येक कामाच्या जागी दोन नकाशे असतात. एक साहेबांच्या भिंतीवर टांगलेला, कोण कोणाच्या हाताखाली ते दाखवणारा. दुसरा माणसांच्या मनात, आणि काम खरं त्यावर चालतं. तो दुसरा नकाशा काढायचा, हाच गृहपाठ होता. सगळ्यांना तीन प्रश्न द्यायचे. काम अडलं तर कोणाकडे जाता? जोडीनं काम करायचं तर कोणाबरोबर कराल? घरी काही बरंवाईट झालं तर आधी कोणाला सांगाल? मग एकेका माणसाचं वर्तुळ काढून बाण जोडायचे. ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त बाण येतील त्याला पुस्तकात तारा म्हटलं होतं. ज्याच्याकडे एकही नाही ते बेट.

बाईंनी तीन प्रश्नांचे कागद छापून आणले आणि सकाळी सगळ्यांना वाटले. वर स्वतःचं नाव लिहायचं होतं, त्यामुळे सगळ्यांची तोंडं आंबट झाली. लांबीनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि सरळ विचारलं, "बाई, हे तुम्ही वाचणार का?"

"छे गं! बंद पाकिटात घाला. थेट विद्यापीठात जाणार, मी हातसुद्धा लावणार नाही."

तोंडातून गेलं ते गेलं. नकाशा काढायचा तर वाचल्याशिवाय कसा काढणार, हे बाईंना बोलतानाच कळत होतं. पण मागे घेतलं असतं तर एकीनंही खरं लिहिलं नसतं, आणि बाईंना खरं हवं होतं. अगदी खरं सांगायचं तर त्यांना गृहपाठाचं फारसं पडलं नव्हतं. त्यांना एक बाण हवा होता. चौदातला एक. नऊ वर्षं त्या या माणसांच्या रजा, पाळ्या, दुखणी खुपणी सांभाळत होत्या. एखादीनं तरी कुठेतरी 'बाई' असं लिहिलं असेल, नाही का? आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

रविवारी भाचीचा फोन झाला, चादर बदलून झाली, आणि बाईंनी जेवणाच्या टेबलावर चौदा पाकिटं फोडली. पहिला प्रश्न सोडून त्या आधी तिसऱ्यावरच गेल्या. घरचं बरंवाईट कोणाला सांगाल? लांबी. लांबी. काका. लांबी. चिमणी. बहिणीला. लांबी. चौदा कागद संपले. बाई कुठेच नव्हत्या. मग दुसरा प्रश्न, जोडीचा. तिथेही नव्हत्या. असू दे, सुपरवायझरबरोबर घडी घालायची हौस कोणाला असते, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

पण पहिल्या प्रश्नाबद्दल त्यांची खात्री होती. काम अडलं की माणूस सुपरवायझरकडेच जाणार. त्यांनी कागद लावून घेतले आणि मोजलं. काका, तीन. लांबी, दोन. आणि उरलेल्या नऊ कागदांवर नऊ वेगवेगळ्या अक्षरांत एकच शब्द होता: पंचनामा.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. पंचनामा. विभागातली सगळी टोपणनावं त्यांना पाठ होती, हे त्यात नव्हतं. हा कोण पंचनामा? हजेरीची वही डोळ्यांसमोर आणून त्यांनी एकेक नाव तपासलं. कोणालाच लागू होईना. म्हणजे या तळघरात असा कोणीतरी होता ज्याच्याकडे चौदातली नऊ माणसं अडल्यावर धावत होती, आणि सुपरवायझरला त्याचा पत्ताच नव्हता! "मग मी नऊ वर्षं इथे काय गवत उपटलं?" असं त्या मोठ्यांदा म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. धुतलेली चादर वाळली होती ती त्यांनी काढली, एक टोक हनुवटीखाली धरलं, हात लांब करून कशीबशी घडी घातली. घडी वाकडी झाली. सहाशे चादरींत एक वाकडी घडी दिसली तर ती परत उलगडायला लावणारी ही बाई, पण त्या दिवशी तिनं ती तशीच कपाटात कोंबली.

तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. बाईंच्या नाही आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आठवडाभर त्यांनी शोध घेतला. आधी संशय गेला स्टोअरच्या माणसावर, कारण तो सारखा खाली यायचा. मग वायरमनवर. त्या माणसांच्या बोलण्यावागण्यात काय जादू आहे ते बाई दारामागून निरखायच्या. त्यांना चक्क हेवा वाटत होता. शेवटी न राहवून त्यांनी चहाच्या वेळी इस्त्रीवाल्या काकांना गाठलं.

"काका, आपल्यात पंचनामा कोण हो?"

काकांचा चहा नाकात गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि बाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"असंच, कानावर आलं."

"मला नाही बुवा ठाऊक," असं म्हणून काका उठून रोलरकडे गेले. काका काही दूधखुळे नव्हते. तो शब्द त्यांनी स्वतः लिहिला होता, आणि पाकीट थुंकी लावून बंद केलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी वाळवण यंत्रातून जळका वास यायला लागला. ड्रम अडकला होता आणि आत दहा वॉर्डांच्या उशांचे अभ्रे होते. चिमणी जवळ होती, ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "अगं, पंचनामाला बोलवा! लवकर! पंचनामा कुठाय?"

बाई तिच्या मागेच उभ्या होत्या. जळका वास आल्याबरोबर त्या पाना घेऊन धावत आल्या होत्या. वास घेत घेत त्यांनी बटण बंद केलं, झाकण उघडलं, आणि सवयीनं तोंडही चालू झालं: "कधी बंद पडलं? किती पिशव्या घातल्या होत्या? जवळ कोण होतं?"

चिमणी वळली. तिचा चेहरा असा उतरला की बाईंना तेवढं पुरलं. आपलेच शब्द त्यांना आपल्याच कानांनी ऐकू आले. कधी, किती, कोण. पंचनामा!  त्यांनी वाकून अडकलेला अभ्रा ड्रमच्या कडेतून सोडवला, बोट भाजलं, यंत्र परत सुरू करून दिलं, आणि सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नऊ जण आपल्याकडे येतात याचा आनंद मानावा, की नऊ जण आपल्याला पाठीमागे असं म्हणतात याचं दुःख करावं, हे त्यांना ठरवता येईना. साबणाच्या पोत्यावर बसून त्या बोटाला फुंकर घालत राहिल्या.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण चिमणीनं घाबरून काकांना सांगितलं, काकांनी चहाच्या वेळचा प्रश्न सांगितला, आणि दोन अधिक दोन किती हे तळघरातसुद्धा लोकांना येतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की बाईंनी पाकिटं फोडली. दुसऱ्या दिवसापासून घडीच्या टेबलावर गप्पा बंद. खालच्या पट्टीतसुद्धा नाहीत. नुसता चादरी ताणल्याचा फटफट आवाज. बाई तिथून लांब गेल्या की सुरू, जवळ आल्या की बंद. पूर्वी निदान कोपऱ्यातून हसणं तरी ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी लांबी स्वतःच समोर येऊन उभी राहिली. तिला आडपडदा माहीतच नव्हता.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात वाचणार नाही."

बाईंनी खिशाकडे हात नेला, पेन धरलं, परत सोडलं. "हो," एवढंच म्हणाल्या.

"मी त्यात माझ्या घरचं लिहिलं होतं. नवऱ्याचं. विद्यापीठातल्या माणसांनी वाचलं तर वाचलं, ते कुठे मला ओळखतात, असं वाटलं होतं मला."

ती पाय आपटत टेबलाकडे निघून गेली. बाईंना तो कागद आठवत होता. तिसऱ्या प्रश्नाखाली लांबीनं चार ओळी लिहिल्या होत्या, आणि बाईंनी त्या वाचल्याही नव्हत्या. त्या फक्त स्वतःचं नाव शोधत पुढे गेल्या होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तो कागद वाचला नाही. पाकिटात घालून चिकटपट्टी लावली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की जेवल्याही नाहीत.

घरबसल्या शिकणाऱ्यांचाही अधूनमधून विद्यापीठात वर्ग भरायचा; शनिवारी तिथे गृहपाठ दाखवायचा होता. शिकवणारे सर जेमतेम तिशीचे, कायम सर्दी झालेले. बाईंचा नकाशा पाहून ते खूश झाले. पट्टी लावून काढलेली वर्तुळं, तीन रंगांचे बाण.

"वा, ताई! तारा अगदी ठसठशीत दिसतोय. हा पंचनामा कोण?"

"मी."

सर नाक पुसता पुसता थांबले. हसले मात्र नाहीत, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. "काम अडलं की चौदातली नऊ माणसं तुमच्याकडे येतात. ही साधी गोष्ट नाही, ताई."

"पण घरचं कोणीच सांगत नाही. बघा ना, तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एकही बाण नाही. जोडीलाही नाही." बाईंचा आवाज वर्गात इतका चिरका झाला की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. "मी काय वाईट केलंय हो त्यांचं?"

सरांनी नकाशा उजेडाकडे धरला, बोटानं वर्तुळं मोजली, मग कागद मोजले. "विभागात माणसं किती?"

"चौदा."

"आणि तुम्ही?"

"मी धरून पंधरा."

"मग कागद चौदाच कसे? तुमचा कुठाय? तुमच्या वर्तुळातून एकही बाण बाहेर निघत नाही, ते मघापासून खटकतंय मला." त्यांनी बॅगेतून कोरा कागद काढून दिला. "भरून टाका. दोन मिनिटांचं काम."

बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. दोन मिनिटं झाली, वीस झाली. काम अडलं तर कोणाकडे जाता? कोणाकडेच नाही, मी निस्तरते. जोडीनं कोणाबरोबर? कोणाबरोबरच नाही. घरी काही बरंवाईट झालं तर आधी कोणाला सांगाल? त्या प्रश्नावर पेन टेकलं आणि तिथेच शाईचा ठिपका पसरत गेला.

कारण घरी बरंवाईट झालं होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंची आई वारली. शेवटची अकरा वर्षं त्या दोघीच त्या घरात राहत होत्या. आई गेली त्या दिवशी बाईंनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असं लिहिलं. भाऊ, वहिनी, भाची येऊन गेली. चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. घरचं घरी, कामाचं कामावर, हा त्यांचा बाणा होता. कोणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कसं? अर्जात घरगुती काम म्हटल्यावर लोकांना वाटलं, बाईंनी घराचं रंगकाम काढलं असेल. चिमणीनं तर विचारलंही होतं, "झालं का काम, बाई?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "झालं."

सरांना त्यांनी कागद दिला नाही. "सर, पुढच्या वेळी देते," असं म्हणून तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी चिमणीची पोरगी आजारी, म्हणून चिमणी आली नव्हती. टेबलाशी लांबीला जोडी नव्हती, समोर चादरींचा ढीग. अशा वेळी बाई वही उघडायच्या आणि धुलाईवरचं कोणीतरी इकडे पाठवायच्या. त्या दिवशी त्यांनी वही खिडकीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि चादरीचं दुसरं टोक उचललं. लांबीनं भुवया वर केल्या. 

पहिल्या दहा चादरी बाईंचे हात चुकत होते. नऊ वर्षांत सवय गेली होती. ताणायच्या वेळी ढील पडायची, टोकं खालीवर व्हायची. लांबी तिचं टोक मुकाट्यानं सरळ करून घ्यायची आणि नजर दुसरीकडे ठेवायची. असं तीसेक चादरींपर्यंत चाललं. पलीकडे रोलर घरघरत होते.

"मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या. "पाकिटाचं. चुकलं माझं. तुझं मी वाचलेलं नाही, पण फोडलं हे खरं."

"हं," लांबी म्हणाली. त्या हुंकारात माफी होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

आणखी एक चादर झाली. पुढची उचलली, ताणली.  मागे फिरायला अजून वाव होता, कामाचं बोलता आलं असतं. लांबी टोक घेऊन त्यांच्याकडे चालत आली, टोकाला टोक लागलं, आणि बाई बोलून गेल्या.

"माझी आई गेली गं."

लांबीचे हात जागच्या जागी थांबले. "अगं बाई! कधी? आज? आणि तुम्ही कामावर कशाला आलात मग?"

"आज नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?"  लांबीचा चेहरा लालबुंद झाला. "दोन वर्षं, आणि आज सांगताय? त्या वेळी आम्ही काय मेलो होतो का हो सगळे?"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की काकांनी रोलर बंद केला, टेबलावरच्या साऱ्याजणी हातातल्या चादरी टाकून जवळ आल्या, आणि काय झालं, काय झालं असं विचारायला लागल्या. आता बाईंना सगळ्यांना सांगावं लागणार होतं.